सतरा इंचांचा तोरा

छोट्या गाडीला मोठी चाकं लावली की गाडी झकास दिसते, यात वादच नाही. पण ती चाकं कुठल्या रस्त्यावर धावणार आहेत, हे विकत घेताना कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. एका रात्री पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर उत्तर मिळालं.

मंडळी, आधी कबुली देऊन टाकतो. मी गाडी चाकांवरून ओळखतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरलो की माझी नजर नंबर प्लेटवर किंवा रंगावर जातच नाही, थेट खाली जाते. अ‍ॅलॉय आहेत का? किती इंची? टायर कुठला? हा आजार बऱ्याच जणांना आहे, हे मला माहीत आहे. तुम्हालाही असेल तर पुढचं वाचाच.

पुण्यात नोकरीला लागून पाच वर्षं झाल्यावर मी सेकंडहँड स्विफ्ट घेतली. २०१९ ची, व्हीएक्सआय, पांढरी शुभ्र. इंजिन ठणठणीत, एसी एकदम चिल्ड. खटकत होती फक्त चाकं. १४ इंची स्टीलची, वर प्लॅस्टिकच्या व्हीलकॅप. छानसा सूट शिवून घ्यावा आणि पायात बाथरूम स्लीपर घालून लग्नाला जावं, तसं काहीतरी वाटायचं.

मग बोनस झाला. आणि बोनस झाला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एका शनिवारी मी चार काळीकुळकुळीत १७ इंची अ‍ॅलॉय आणि त्यावर २०५/४५ आर १७ मापाचे टायर लावून बाहेर पडलो. खर्च ६८ हजार. दुकानदार म्हणाला, "सर, काही कापाकापी नाही. जुनी काढायची, नवी लावायची." वर एक भेटही दिली. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून खास नट. साध्या पान्याने उघडत नाहीत, त्यांना वेगळी चावी लागते. ती छोटीशी चावी मी घरी आणून शू-रॅकच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवली.

ती चावी तुम्हीही लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पहिले पंधरा दिवस

खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस भन्नाट गेले. सिग्नलला बाइकवाली पोरं वळून बघायची. वॉचमनकाका म्हणाले, "नवी गाडी घेतली का?" आणि फरक फक्त दिसण्यातच होता असंही नाही. रुंद टायरमुळे कोरड्या रस्त्यावर पकड वाढली. वळणावर गाडी कमी झुकायची. स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकायची. लोणावळ्याच्या एका वीकेंड ट्रिपमध्ये तर मी स्वतःला रेसिंग ड्रायव्हरच समजायला लागलो होतो.

मग हळूहळू दुसरी बाजू दिसायला लागली. स्पीडब्रेकरवर पूर्वी 'धप्प' व्हायचं, आता 'खाड' व्हायला लागलं. मागे तिघे बसले की मागचं टायर कमानीला घासल्याचा आवाज यायचा. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागायचं. शहरात १७-१८ चं अ‍ॅव्हरेज १५ वर आलं. मी स्वतःची समजूत काढली, स्टाइलसाठी एवढं चालतं यार!

थोडं गणित करू

इथे जरा थांबून टायरवरचे आकडे वाचायला शिकू. ते वाटतात तेवढे अवघड नाहीत.

माझ्या गाडीचं कंपनीचं माप होतं १६५/८० आर १४. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ही टक्क्यांमध्ये; रुंदीच्या ८० टक्के. म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. आणि १४ हे आतल्या रिमचं माप, इंचांमध्ये. एकच माप लिहायला मिलिमीटर, टक्के आणि इंच अशा तीन पद्धती! ज्याने हे ठरवलं त्याला साष्टांग नमस्कार.

आता मोठी चाकं लावायचा मूळ फंडा ऐका. रिम मोठी करायची, पण टायरसकट चाकाचा एकूण व्यास तेवढाच ठेवायचा. कारण तो बदलला की स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद चुकते, गिअरिंग बदलतं, टायर घासतं. मूळ चाकाचा एकूण व्यास येतो जवळपास ६२० मिलिमीटर. माझ्या नव्या १७ इंची चाकाचा आला ६१६. फरक एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे त्या दुकानदाराचं गणित बरोबर होतं.

मग घोळ कुठे झाला? एकूण व्यास तोच ठेवून रिम तीन इंचांनी वाढवली, तर ती जागा कोणाकडून घेतली? रबराकडून. बाजूची भिंत १३२ मिलिमीटरवरून ९२ वर आली. चार सेंटिमीटर हवा आणि रबर मी पैसे देऊन काढून टाकलं होतं. खड्ड्यात चाक गेलं की पहिला धक्का शॉकअ‍ॅब्सॉर्बर नाही, हीच भिंत झेलते. ती दबते, मग सावरते. ती बुटकी असली की दबायला जागाच उरत नाही. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात रबर चिमटतं. कधी टायर कापला जातो, कधी आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो, कधी रिमच वाकते.

आणखी एक बारीक आकडा असतो, त्याच्याकडे कुणीच बघत नाही. मापानंतर ८४, ८५, ८८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो वजन पेलण्याचा निर्देशांक. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०. माझे जुने बारीक, बावळट दिसणारे टायर ८५ चे होते. नवे रुबाबदार टायर ८४ चे! म्हणजे चारही मिळून ६० किलो कमी. एक अख्खा माणूस.

हे सगळं मी नंतर शिकलो. आधी पोंभुर्णा.

घरची वाट

माझं गाव पोंभुर्णा. चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका. पुण्यात कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "हे नक्की कुठे आलं?" ताडोबा म्हटलं की मग चेहरे उजळतात. आमच्याकडे रेल्वे येत नाही. बल्लारशाह किंवा चंद्रपूरला उतरायचं आणि पुढे रस्त्याने. चंद्रपूरपासून पन्नासेक किलोमीटर. थोडी धानाची शेतं, थोडं गाव आणि बरंचसं जंगल. इथले वाघ ताडोबाची हद्द बघून फिरत नाहीत.

२०२४ च्या पोळ्याला मी गाडी घेऊन घरी निघालो. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्ग. समृद्धीवर तर माझ्या चाकांनी नुसतं गाणं म्हटलं. सपाट काँक्रीट, खड्ड्याचं नाव नाही. 'याचसाठी केला होता अट्टाहास' असं वाटावं असा रस्ता! पुढे जामवरून वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर. कोळशाच्या ट्रकांच्या मागे थोडा रेंगाळलो, एवढंच. साडेआठशेहून जास्त किलोमीटर विनातक्रार पार पडले. घरासमोर गाडी लावली तेव्हा गल्लीतली चिल्लीपिल्ली जमा झाली. बाबांनी चाकाला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "रबर कमी दिले काय रे यायनं?"

मी हसलो. जुन्या लोकांना काय कळतंय!

ती रात्र

वहिनीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून दोन आठवडे होते. पण पोळ्याच्या रात्री तिचं डोकं दुखायला लागलं, पायावर सूज आली. तालुक्याच्या दवाखान्यात बीपी मोजलं, खूप वाढलं होतं. लगेच चंद्रपूरला न्या, म्हणाले. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेली होती. दादाने माझ्याकडे बघितलं. मी चावी उचलली.

रात्रीचे पावणेदोन. पुढे मी आणि दादा, मागे आई आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलेली वहिनी. पाऊस नुकताच थांबला होता. जंगलाचा रस्ता, दोन्ही बाजूंना सागाची झाडं आणि हेडलाइटच्या उजेडात चकाकणारी पाण्याची डबकी. यातलं कुठलं डबकं बोटभर आणि कुठलं वीतभर, हे वरून कळायला मार्ग नाही. मी सावकाशच चालवत होतो. पण प्रत्येक धक्क्याला वहिनीच्या तोंडून आवाज यायचा आणि तो धक्का माझ्या त्या ९२ मिलिमीटरमुळे जास्त बसतोय, हे मला कळत होतं. दादा काही बोलत नव्हता.

अर्ध्या वाटेत एका डबक्यात डावं पुढचं चाक गेलं. 'खण्ण' असा आवाज झाला. लोखंडावर घण मारल्यासारखा. पन्नास फुटांवर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघितलं. रिमची कड आत वाकलेली, टायरच्या बाजूला बोटभर चीर. हवा शून्य.

काही हरकत नाही, स्टेपनी आहे! डिकीत कंपनीची १४ इंची स्टेपनी होती, हवा भरलेली. दादाने जॅक लावला. मी पाना घेतला, नटावर ठेवला आणि तसाच उभा राहिलो. पाना बसेना. बसणारच नव्हता. त्या खास नटांची खास चावी पुण्यात होती. शू-रॅकच्या ड्रॉवरमध्ये. एकदम सुरक्षित.

मोबाइलला रेंज नव्हती. आईने मागची काच खाली करून विचारलं, "बाबू, किती वेळ?" मला उत्तर देता येईना. पक्कड लावून बघितली, हातोडीने ठोकून बघितलं. चोरांसाठी बनवलेले नट ते. त्यांनी आपलं काम चोख केलं.

किती वेळ गेला? घड्याळात पस्तीस मिनिटं. नंतर लांबून दिवे दिसले. मासोळीचा पिकअप होता, चंद्रपूरच्या बाजाराला निघालेला. दादा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरने एक प्रश्न विचारला नाही. वहिनीला आणि आईला केबिनमध्ये बसवलं, दादा मागे मासोळीच्या क्रेट्सवर चढला. निघता निघता ड्रायव्हरने माझ्या चाकावर टॉर्च मारला आणि म्हणाला, "भाऊ, चाक तं लई मस्त हाये. पण हे रोडासाठी हाये का फोटोसाठी?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं.

उजाडेपर्यंत मी गाडीत काचा वर करून बसून होतो. भीती वाघाची वाटायला हवी होती. वाटत होती ती रेंज आल्यावर काय ऐकू येईल याची.

सकाळी एक पंक्चरवाला मोटरसायकलवर आला. त्या पिकअपवाल्यानेच रेंज आल्यावर त्याला फोन केला होता. त्याने नटाकडे बघितलं, पिशवीतून थोड्या कमी मापाचं जुनं सॉकेट काढलं, घणाने नटावर ठोकून बसवलं आणि एकेक नट जोर लावून काढला. वीस मिनिटांत स्टेपनी चढली. तीनशे रुपये घेतले. वाकलेली रिम हातात घेऊन म्हणाला, "स्टीलची असती तं ठोकून सरळ करून देली असती. हे तडकते."

चंद्रपूरला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सकाळीच सिझर झालं होतं. मुलगी. वजन थोडं कमी, पण दोघी सुखरूप. दादा बाहेर बाकावर बसला होता, शर्टाला मासोळीचा वास. मला बघून म्हणाला, "आला काय? गाडी बरी हाये ना?"

त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग लावायचीच नाहीत का?

तसं अजिबात नाही. पुण्याला परतल्यावर पहिला झटका आला तो सगळं काढून परत १४ इंची लावायचा. पण मग शांतपणे वाचलं, दोन-तीन जाणत्या मेकॅनिकना विचारलं, आणि कळलं की उत्तर कंपनीनेच दिलेलं आहे. माझ्याच पिढीच्या स्विफ्टचं झेडएक्सआय मॉडेल १८५/६५ आर १५ वर यायचं. एक इंच मोठी रिम, २० मिलिमीटर जास्त रुंदी, एकूण व्यास ६२१, आणि बाजूची भिंत १२० मिलिमीटर. वजनाचा निर्देशांक ८८. पकड वाढते, दिसतं छान आणि खड्ड्यासाठी रबरही शिल्लक राहतं. सस्पेन्शन, कमानी, स्टिअरिंग यांच्यासोबत हे माप कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच तपासलेलं असतं. छोट्या गाडीचं बेस मॉडेल असेल तर टॉप मॉडेलचं माप बघा. बहुतेक वेळा तुमची मर्यादा तिथेच असते.

फक्त शहरात, चांगल्या रस्त्यांवरच गाडी फिरणार असेल तर १९५/५५ आर १६ पर्यंत गणित जमतं. भिंत १०७ मिलिमीटर. पण कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठासून सांगितली. इन्शुरन्स कंपनीला न कळवता चाकं बदलली तर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो. टॉप मॉडेलच्या मापात राहिलात तर ही डोकेदुखी बरीच कमी होते.

मी १५ इंची घेतली. जुनी अ‍ॅलॉय विकून अर्धेही पैसे आले नाहीत. स्पीडब्रेकरवर पुन्हा 'धप्प' व्हायला लागलं. इतका गोड आवाज मी आधी कधी नीट ऐकलाच नव्हता.

चाकं बदलण्याआधी

• एकूण व्यास मूळ चाकाच्या जितका जवळ तितकं चांगलं. रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४, झालं गणित. मोबाइलवर एका मिनिटात होतं.

• वजनाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. वेगाचं अक्षरही बघा. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर.

• रिमची बोल्टची जागा जुळायला हवी. स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. रिमचं भोक मोठं असेल तर हब रिंग घालून घ्या, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

• अ‍ॅलॉय म्हणजे हलकं, हा गैरसमज. स्वस्तातलं १७ इंची अ‍ॅलॉय १४ इंची स्टीलपेक्षा जड निघू शकतं. दुकानात वजनकाटा मागा, लाजू नका. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका.

• ट्रायल घेताना गाडीत पाच माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, एक स्पीडब्रेकर ओलांडा. घासल्याचा आवाज आला तर माप नको.

• टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. 'नवा' म्हणून तीन वर्षांचा जुना टायर गळ्यात पडू नये.

• हवा टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात आमच्या चंद्रपूरला पारा ४६-४७ वर जातो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. बुटक्या टायरला कमी हवा म्हणजे वाकलेल्या रिमला आमंत्रण.

• खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्या की टायर बाद. हा नियमच आहे.

• आणि ती चावी. नटाची चावी गाडीतच ठेवा, स्टेपनीच्या शेजारी. स्टेपनी स्टीलची असेल तर तिचे मूळ नटही सोबत हवेत. निघण्यापूर्वी घरच्या पार्किंगमध्ये एकदा स्वतः चाक काढून, स्टेपनी चढवून बघा. अर्धा तास जातो. माझे पस्तीस मिनिटं गेली होती.

तान्हा पोळा

२०२५ च्या तान्ह्या पोळ्याला मी पुन्हा गावी गेलो. पुतणी वर्षाची होत आली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात. त्या नंदीला खाली चार लाकडी चाकं असतात, दोरीने ओढायला. तिच्यासाठी पहिला नंदी घ्यायला दादा आणि मी बाजारात गेलो. मी एक मोठ्या चाकांचा, रंगीत, रुबाबदार नंदी उचलला.

दादाने तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला, चाकं फिरवून बघितली आणि परत ठेवला.

"अबे, अंगणात गोटे हायेत," म्हणाला. "लहान चाकाचा घे. जाड."

वर्षभरात त्या रात्रीबद्दल तो एवढंच बोलला. मी लहान चाकाचा घेतला. जाड.